फ्रॉइड, युंग आणि खुनाचा तपास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा नऊ जणांचा वाचनगट डोंबिवलीत महिन्यातून एकदा जमतो. मागचं सबंध वर्ष आम्ही एकाच प्रकारच्या पुस्तकांना दिलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ, एक खून, आणि गोष्टीत वावरणारा एखादा खराखुरा मनोविश्लेषक, म्हणजे रुग्णाला बोलतं करून त्याच्या मनात दडलेलं शोधणारा डॉक्टर. भांडणं झाली. दोघांनी एक कादंबरी अर्ध्यावर टाकली, एकीनं तीच तीनदा वाचली. त्या वर्षभरात ओळखीच्या वाचकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मतं माझी आहेत, आणि गटातल्यांचं मत वेगळं पडलं तिथे तसं सांगितलंय. कुठल्याही कादंबरीतला खुनी कोण, हे इथे फोडलेलं नाही.

या कादंबऱ्यांमध्ये नक्की असतं काय?

खून काल्पनिक, शहर खरं, आणि तपासाच्या आसपास असलेला डॉक्टर इतिहासातला. बहुतेक वेळा तो मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड असतो, कधी त्याचा स्विस सहकारी कार्ल युंग, कधी दोघंही.

आम्ही वाचलेल्यांपैकी तीन पुस्तकांची नावं इथे पुढे येत राहतील. पहिलं १९७४ सालचं, निकोलस मायर यांचं ‘द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन’. त्यात कोकेनच्या आहारी गेलेल्या शेरलॉक होम्सला डॉ. वॉटसन युक्तीनं व्हिएन्नाला फ्रॉइडकडे नेतो. दुसरी फ्रँक टॅलिस यांची व्हिएन्नाची मालिका. ती २००५ पासून येऊ लागली आणि तिचं कथानक १९०२ पासून सुरू होतं. तिचा नायक मॅक्स लीबरमान हा तरुण डॉक्टर काल्पनिक आहे, पण तो ज्याच्याकडे सल्ल्याला जातो तो फ्रॉइड खरा. टॅलिस स्वतः चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहेत, आणि ते पानोपानी जाणवतं. तिसरं २००६ सालचं, जेड रुबेनफेल्ड यांचं ‘द इंटरप्रिटेशन ऑफ मर्डर’. फ्रॉइड १९०९ मध्ये आयुष्यात एकदाच अमेरिकेला गेला, त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये खून होतो अशी त्याची कल्पना आहे. हे लेखक कायद्याचे प्राध्यापक आहेत.

सुरुवात कुठून करू?

टॅलिस यांच्या मालिकेतल्या पहिल्या पुस्तकापासून. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचत मोठे झाला असाल तर मात्र मायर यांच्यापासून, कारण जुना मित्र आजारी पडल्यावर कसा दिसतो हे त्यात फार मायेनं लिहिलंय.

फ्रॉइडचं काहीच वाचलेलं नाही. कळेल का?

कळेल. एवढंच ठाऊक असलं तरी पुरतं : माणूस जे विसरला आहे असं त्याला वाटतं ते गेलेलं नसतं, ते स्वप्नात, बोलताना झालेल्या चुकीत, शरीराच्या दुखण्यात डोकं वर काढतं. हे रहस्यकथेच्या वाचकाला वेगळं शिकवावं लागत नाही. गालिच्याखाली काहीतरी आहे हे गृहीत धरूनच तो पुस्तक उघडतो.

१९०९ च्या अमेरिका भेटीतलं खरं किती आणि रचलेलं किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून जरा सविस्तर.

खरं असं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या क्लार्क विद्यापीठाला वीस वर्षं झाली होती. अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांनी फ्रॉइडला व्याख्यानांसाठी बोलावलं. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रॉइड, युंग आणि बुडापेस्टचा मनोविश्लेषक शांडोर फेरेन्झी ब्रेमेनहून ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या बोटीनं निघाले. बोटीवर चढण्याच्या आदल्या दिवशी जेवताना युंगनं दलदलीत सापडणाऱ्या प्राचीन प्रेतांचा विषय लावून धरला, आणि फ्रॉइड तिथेच बेशुद्ध पडला. हा प्रसंग कुणा कादंबरीकाराच्या डोक्यातून आलेला नाही, तो घडलेला आहे. बोटीवर तिघं एकमेकांची स्वप्नं उलगडत बसायचे. न्यूयॉर्कला फ्रॉइडचा अनुयायी एब्राहम ब्रिल त्यांना घ्यायला आला, पुढे दुसरा अनुयायी अर्नेस्ट जोन्स येऊन मिळाला. त्यांनी कोनी आयलंड पाहिलं, मेट्रोपॉलिटन संग्रहालय पाहिलं. फ्रॉइडचं पोट सगळा वेळ बिघडलेलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यानं जर्मन भाषेत पाच व्याख्यानं दिली, मानद डॉक्टरेट घेतली आणि परत गेला. अमेरिकेबद्दल तो नंतर आयुष्यभर कडवट बोलत राहिला.

हा कडवटपणा कशामुळे, हे चरित्रकारांना पुरतं उलगडलेलं नाही, आणि नेमक्या त्याच फटीत रुबेनफेल्ड यांनी आपला खून बसवलाय. मला ही जागा फार अचूक वाटते. इतिहासानं जिथे हात टेकलेत तिथेच कल्पनेनं पाय ठेवावा. पुस्तकाच्या शेवटी लेखकानं काय बदललं याचा हिशेबही दिलाय, आणि फ्रॉइड-युंग यांचे बरेच संवाद त्यांच्या पत्रांतून आणि लेखनातून उचलल्याचं सांगितलंय. ते पान आधी वाचू नका. तिथे गोष्ट थोडी फुटते.

कादंबरीत हॅरी थॉ नावाचा श्रीमंत खुनीही भेटतो. तोही खरा. त्यानं जून १९०६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर भर प्रेक्षकांत वास्तुरचनाकार स्टॅनफर्ड व्हाइट यांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या खटल्यात वेडसरपणाच्या कारणावरून तो सुटला आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. त्या खटल्यात तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षींचा जो बाजार भरला, त्यामुळे मन आणि गुन्हा हा विषय न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत फ्रॉइडच्या आधीच पोचला होता.

फ्रॉइडनं कधी खरोखर पोलिसांना किंवा न्यायालयाला मदत केली होती का?

खुनाच्या जागी भिंग घेऊन तो कधी गेला नाही. पण या विषयावर तो बोललाय, आणि जे बोललाय ते त्याला गुप्तहेर करणाऱ्या कादंबऱ्यांच्या अगदी उलट आहे.

१९०६ च्या जून महिन्यात व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर त्यानं व्याख्यान दिलं. त्यात त्यानं गुन्हेगार आणि हिस्टेरियाचा रुग्ण शेजारी शेजारी उभे केले. दोघांच्याही पोटात गुपित असतं. गुन्हेगाराला आपलं गुपित ठाऊक असतं आणि ते तो तुमच्यापासून लपवतो. रुग्णाचं गुपित त्याच्या स्वतःपासूनच लपलेलं असतं. आणि मग त्यानं भावी न्यायाधीशांना सावध केलं : मनोविकाराचा रुग्ण निर्दोष असूनही अपराध्यासारखा गडबडेल, कारण त्याच्या मनात आधीपासूनच कुठलीतरी दुसरी अपराधी भावना ठाण मांडून बसलेली असते. तुमचा आरोप तिला जाऊन चिकटेल.

दुसरा प्रसंग हाल्समान खटल्याचा. १९२८ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात फिलिप हाल्समान हा ज्यू तरुण वडिलांबरोबर फिरायला गेला होता. तिथे वडील मेले, आणि खुनाचा आळ मुलावर आला. इन्सब्रुकच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात ईडिपस गंडाचा, म्हणजे मुलाच्या मनातली आईची ओढ आणि बापाविषयीचं वैर या फ्रॉइडच्या कल्पनेचा, उल्लेख केला. त्यावर १९३१ मध्ये फ्रॉइडनं छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. हा गंड प्रत्येकाच म्हणजे प्रत्येकाच मनात असतो, मग तो अमक्यानं खून केल्याचा पुरावा कसा होईल? आपल्याच सिद्धांताचा असा वापर करू नका, असं त्याचा जनक सांगतोय. तोवर हाल्समानची सुटका झाली होती. पुढे अमेरिकेत जाऊन तो जगप्रसिद्ध छायाचित्रकार झाला. साल्वादोर दाली, मांजरं आणि पाणी हवेत एकाच वेळी उडालेलं ते छायाचित्र त्याचंच.

म्हणून कादंबरीतला फ्रॉइड एखाद्या संशयिताच्या स्वप्नावरून ‘खुनी हाच’ असं बोट दाखवू लागला की मी पुस्तक मिटून ठेवते. टॅलिस यांच्या मालिकेत फ्रॉइड असं करत नाही. तो सिगार पुढे करतो, एखादा ज्यू विनोद सांगतो, प्रश्नाला वेगळं वळण देतो आणि तपास इतरांवर सोडतो.

आणि या कादंबऱ्यांमध्ये येते ती स्टॉपवॉचची चाचणी? ती खरी आहे का?

खरी आहे. ती युंगची. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णांच्या इस्पितळात असताना त्यानं शब्द-साहचर्याचे प्रयोग केले. शंभर शब्दांची यादी घ्यायची, एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्यानं डोक्यात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि सेकंदाचा पाचवा भाग मोजणाऱ्या घड्याळानं वेळ टिपायचा. जिथे उत्तर अडखळतं तिथे खाली काहीतरी आहे. इस्पितळातल्या एका परिचारिकेचं पैशांचं पाकीट चोरीला गेलं, तेव्हा तर त्यानं या चाचणीनं चोर शोधला. पाकिटात पन्नास फ्रँकची नोट होती, चांदीची छोटी साखळी होती, जोड्याच्या दुकानाची पावती होती. यादीतल्या साध्यासुध्या शब्दांमध्ये या वस्तूंचे शब्द पेरून त्यानं तीन परिचारिकांना बसवलं.

आम्ही हे करून पाहिलं. तिघींना आतल्या खोलीत पाठवलं. एकीनं टेबलावरची चष्म्याची डबी पर्समध्ये लपवायची, कुणी ते आम्हाला माहीत नाही. मग एकेकीला बोलावून मोबाइलवर वेळ लावला. खिडकी? दार. आजी? गोधडी. डबी? पोहे. पर्स? पैसे. कुलूप? आणि इथे एक जण थांबली. तीन सेकंद, चार सेकंद, चेहरा उतरला, शेवटी ‘घर’ म्हणाली. आम्ही बाहेरच्या सहाही जणांनी तिच्यावर शिक्का मारला. डबी दुसरीकडे निघाली. हिला ‘कुलूप’ ऐकून एकदम आठवलं होतं की निघताना आपण गॅलरीचं दार लावलंय की नाही कोण जाणे. ती चहाही न घेता घरी गेली.

त्या दिवसापासून कादंबऱ्यांमधल्या अशा प्रसंगांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. कुलुपापाशी थांबलेल्या बाईला पुढच्या पानावर बेड्या घालणारं पुस्तक माझ्या मनातून उतरतं.

मेलेल्या, खऱ्या माणसांना खुनाच्या गोष्टीत ओढणं बरोबर आहे का?

गटात यावरून सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं. एका काकांचं म्हणणं, फ्रॉइडला काय फरक पडतो, त्याच्यावर हजारांनी पुस्तकं आहेत, एक खोटं पुस्तक आलं तर चरित्रं त्याला सावरतील. हे मला मान्य आहे. फ्रॉइडची काळजी मला वाटत नाही. मला वाटते ती त्याच्या रुग्णांची.

आपण मराठी माणसांनी हे भोगलंय. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला, आणि ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला ही गोष्ट बखरींनी, नाटकांनी, आज्यांनी इतकी घोटली की तो भाषेतला वाक्प्रचार झाला. ते पत्र कुणी बदललं याचा पक्का पुरावा शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पण अडीचशे वर्षं एका बाईच्या नावाला तो डाग आहे. गोष्ट चांगली रंगली की ती माणसाला चिकटते, आणि ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही त्याला जास्त चिकटते.

आता फ्रॉइडच्या डोरा या रुग्णाकडे या. तिचं खरं नाव ईडा बाउअर. ऑक्टोबर १९०० मध्ये वडिलांनी तिला फ्रॉइडकडे आणलं, तेव्हा तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती. खोकला, बसलेला आवाज, जगण्याचा कंटाळा. तिचं म्हणणं होतं की वडिलांच्या एका मित्रानं तळ्याकाठी तिच्याकडे भलती मागणी केली. वडिलांनी ते मनाचे खेळ ठरवले, आणि त्याच मित्राच्या बायकोशी वडिलांचे संबंध होते. फ्रॉइडनं प्रसंग घडला हे मानलं, ही त्याच्या बाजूची गोष्ट. पण पुढे त्यानं तिला पटवायचा प्रयत्न केला की आतून तिलाही तो माणूस हवा होता. अकरा आठवड्यांनी ती उठून गेली. १९०५ मध्ये फ्रॉइडनं ही केस छापली. ‘डोरा’ हे नाव त्याला कसं सुचलं हेही त्यानं लिहून ठेवलंय : त्याच्या बहिणीकडे मुलं सांभाळणाऱ्या एका मोलकरणीला मालकिणीचंच नाव असल्यानं स्वतःचं नाव सोडावं लागलं होतं, आणि तिला डोरा म्हणत. म्हणजे ईडाच्या वाट्याला आलेलं नाव आधीच कुणाचं तरी नाव हिरावून दिलेलं होतं.

रुबेनफेल्ड यांच्या कादंबरीतली नोरा अ‍ॅक्टन ही मुलगी उघडउघड डोरावरून बेतली आहे. दुसऱ्या एका कादंबरीत तर १९१० च्या व्हिएन्नात डोरा नावाच्या मुलीचं प्रेतच सुरुवातीला सापडतं. माझी कसोटी ही आहे. अशी मुलगी पुस्तकात आली की तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतं का? की ती पुन्हा एकदा पुरुषांच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून सोफ्यावर आडवी होते? नाव बदललं असेल, शहर बदललं असेल, तरी ही कसोटी लागू. फ्रॉइड कसा रंगवलाय हे मी त्यानंतर बघते.

युंग नेहमी काळा का रंगवतात?

कारण गोष्टीला ते सोयीचं पडतं. १९०९ मध्ये फ्रॉइड त्रेपन्न वर्षांचा, युंग चौतिसाचा. त्याच वर्षी फ्रॉइडनं पत्रात त्याला आपला वारस, युवराज म्हटलं, आणि १९१३ च्या आरंभी दोघांचे वैयक्तिक संबंध तुटले. बाप आणि मुलगा, गादी आणि बंड. ईडिपसचं नाटक आयतंच मांडून ठेवलेलं आहे. शिवाय युंगचं अर्धं लक्ष भुताखेतांकडे. त्या वर्षीच्या वसंतात फ्रॉइडच्या घरी बोलत असताना पुस्तकांच्या कपाटातून मोठा आवाज झाला, युंग म्हणाला पुन्हा होईल, आणि झाला. असा माणूस रहस्यकथेत संशयित होणारच.

तरीही मला एकरंगी युंग आवडत नाही. त्याच्या हातून झालेली खरी चूक एवढी मोठी आहे की खोटी जोडायची गरज नाही. सबीना श्पीलराइन ऑगस्ट १९०४ मध्ये त्याच्या इस्पितळात रुग्ण म्हणून आली, बरी झाली, डॉक्टर झाली, स्वतः मनोविश्लेषक झाली. मधल्या काळात युंगनं डॉक्टर-रुग्ण नात्याची मर्यादा मोडली आणि नंतर स्वतःला वाचवायला तिच्याबद्दल फ्रॉइडला लिहिलं. तिची पत्रं आणि रोजनिशी १९७७ मध्ये जिनिव्हात एका तळघरात सापडेपर्यंत जगाला तिची बाजू माहीतच नव्हती. १९४२ मध्ये रशियातल्या रोस्तोवमध्ये नाझींनी तिला आणि तिच्या दोन्ही मुलींना ठार मारलं. तिच्याविषयी लिहिणाऱ्यानं प्रेमप्रकरणावर थांबू नये, तिचं स्वतःचं संशोधनही मांडावं, असं मला मनापासून वाटतं.

मनोविश्लेषकाचा खरोखर खून झालाय का?

झालाय, आणि तो कुठल्याही कादंबरीपेक्षा जड आहे. हर्मीने हुग-हेलमुट ही व्हिएन्नातली शिक्षिका, लहान मुलांचं मनोविश्लेषण करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी. बहीण वारल्यावर भाचा रॉल्फ तिच्या आधारानं वाढला. लहानपणापासून ती त्याचं निरीक्षण करून आपल्या लेखांत लिहीत असे. सप्टेंबर १९२४ मध्ये अठरा वर्षांच्या रॉल्फनं पैशासाठी तिच्या घरात शिरून तिचा गळा दाबला. त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो व्हिएन्नाच्या मनोविश्लेषकांकडे गेला आणि आपण मनोविश्लेषणाचे बळी आहोत, भरपाई द्या, असं म्हणाला.

आमच्या गटातल्या एका शाळेच्या बाईंनी हे ऐकून विचारलं, ‘त्याला कुणी विचारलं होतं का, तुझ्याबद्दल लिहू का म्हणून?’ मला वाटतं या घटनेवरची उत्तम कादंबरी याच वाक्यापासून सुरू व्हावी.

आणखी एक खरी जोडी सांगते. ग्रात्सचे हान्स ग्रोस हे गुन्हेशास्त्राचे आद्य पुरुष. १८९३ चं त्यांचं तपास-अधिकाऱ्यांसाठीचं पुस्तक युरोपभर वापरलं गेलं. त्यांचा मुलगा ओटो ग्रोस मनोविश्लेषक, व्यसनी, बंडखोर. १९०८ मध्ये युंगनं त्याच्यावर उपचार केले, ते करता करता स्वतःही हादरला. १९१३ मध्ये बापानं अधिकार वापरून मुलाला पकडून वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. एका घरात गुन्ह्याचा शोध आणि मनाचा शोध समोरासमोर उभे. या बापलेकांपुढे काल्पनिक पात्रं फिकी पडतात.

फ्रॉइड बोलायला लागला की व्याख्यान ऐकल्यासारखं का वाटतं?

कारण अनेकदा ते लिहिलेलंच असतं. लेखक प्रामाणिकपणे खऱ्या पत्रांतली वाक्यं घेतो, आणि पत्रात शोभणारं वाक्य जेवणाच्या टेबलावर ठोकळ्यासारखं पडतं. आमच्यात ज्यांनी पुस्तक अर्ध्यावर टाकलं त्यांची तक्रार हीच होती. मला ती निम्मी पटते. ज्या पानावर फ्रॉइड गप्प बसून ऐकतो ते पान हमखास जिवंत असतं. त्याचं काम तेच होतं. रुग्ण सोफ्यावर, तो डोक्यामागे खुर्चीत, नजरेआड.

विश्लेषणाला महिने लागतात ना? मग चार दिवसांत उलगडा कसा होतो?

होत नाही, ही पळवाट आहे. फ्रॉइडचे रुग्ण आठवड्यातले सहा दिवस, रोज तासभर येत. शिवाय त्याच्या पद्धतीत एका स्वप्नाचा एकच अर्थ कधी नसतो, एका लक्षणामागे अनेक कारणं दाटीनं उभी असतात. रहस्यकथेला मात्र शेवटी एकच माणूस हवा असतो. चांगला लेखक दोन्ही सूत्रं वेगळी ठेवतो. खुनी रक्ताच्या डागानं, रेल्वेच्या वेळापत्रकानं सापडतो आणि मनाचा गुंता पुस्तक संपल्यावरही थोडा शिल्लक राहतो. ‘शेवट अर्धवट वाटला’ असं म्हणणाऱ्या वाचकांना माझी विनंती, तो शिल्लक गुंता दोष समजू नका.

सगळं व्हिएन्नातच का घडतं?

तिथे एकाच वेळी फार काही चाललेलं होतं. बेर्गगासे १९ या पत्त्यावर फ्रॉइड १८९१ ते १९३८ राहिला. १९०२ च्या शरद ऋतूपासून दर बुधवारी संध्याकाळी त्याच्या प्रतीक्षाकक्षात चार-पाच डॉक्टर जमू लागले, त्यात आल्फ्रेड अ‍ॅडलर होता. ऑपेरा संगीतकार गुस्ताव मालरच्या हातात होता. कार्ल लांडश्टाइनरनं त्याच शहरात रक्तगट शोधले, जे पुढे तपासाचं हत्यार झाले. आणि महापौर कार्ल लुएगर उघडउघड ज्यूद्वेषावर मतं मागत होता. ज्यू डॉक्टर नायक असलेल्या कादंबरीत त्यामुळे प्रत्येक जिना चढताना धाकधूक असते. वाचकाला पुढे काय होणार हे माहीत आहे, पात्रांना नाही. फ्रॉइड जून १९३८ मध्ये लंडनला निसटला. मागे राहिलेल्या त्याच्या चार बहिणी नाझींच्या छळछावण्यांत गेल्या.

फ्रॉइड स्वतः रहस्यकथा वाचायचा का?

वाचायचा. ‘लांडगा-मनुष्य’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रशियन रुग्णानं आठवणींत लिहिलंय की असलं हलकंफुलकं वाचन फ्रॉइडला रुचणार नाही असं त्याला वाटलं होतं, पण होम्सच्या लेखकाला फ्रॉइडनं नीट वाचलेलं निघालं. १९१४ मध्ये मायकेलअँजेलोच्या मोझेसवर लिहिताना फ्रॉइडनं मोरेल्ली या कलापारख्याचं कौतुक केलं. मोरेल्ली चित्र खरं की नक्कल हे कानाच्या पाळीवरून आणि नखांवरून ओळखायचा. ज्या तपशिलाकडे कुणी बघत नाही तिथे बघायचं. होम्सही हेच करतो.

न्यूयॉर्क, १८९६, थिओडोर रूझवेल्ट पोलिस आयुक्त, ती ‘द एलियनिस्ट’ कादंबरी याच प्रकारातली का?

नाही. त्यातला मनोविकारतज्ज्ञ काल्पनिक आहे, आणि तेव्हा मनोविश्लेषण जेमतेम जन्माला येत होतं. कादंबरी मात्र उत्तम आहे.

मालिका, चित्रपट बघावेत का?

मायर यांच्या कादंबरीवरचा १९७६ चा चित्रपट जरूर. टॅलिस यांच्या पुस्तकांवरची २०१९ पासूनची मालिका डोळ्यांना सुखद आहे, फक्त त्यांनी काळ पुढे ढकललाय. २०२० ची तरुण फ्रॉइडची मालिका संमोहन आणि रक्तपात यांचीच आहे. फ्रॉइड समजून घ्यायला ती उपयोगाची नाही.

घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला वाचायला देऊ का?

आधी तुम्ही वाचा. लैंगिक हिंसेची वर्णनं जवळपास प्रत्येक पुस्तकात आहेत.

भारताचा यात कुठे संबंध येतो का?

येतो, आणि कुणीतरी त्यावर लिहावं म्हणून मी दोन वर्षं लोकांच्या मागे लागले आहे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी ते पत्रानं वाद घालत, ईडिपसच्या बाबतीत तुमचं आमच्या रुग्णांना जसंच्या तसं लागू पडत नाही, असं त्याला कळवत. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला संस्थेनं त्याला हस्तिदंती विष्णूची मूर्ती पाठवली. फ्रॉइडनं ती आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवली, आणि १९३८ मध्ये देश सोडताना ती त्याच्याबरोबर लंडनला गेली. माझी भाची तिथे असते. तिच्याबरोबर मॅर्सफील्ड गार्डन्समधलं ते घर पाहिलं, तेव्हा इजिप्तच्या, ग्रीसच्या, रोमच्या एवढ्या मूर्तींच्या गर्दीत आपला विष्णू शोधायला वेळ लागला. सोफाही तिथेच आहे, इराणी गालिचा घातलेला. व्हिएन्नाच्या घरात तो नाही.

आणि मुंबईही आहे. इटलीतल्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३८ मध्ये तिथला मनोविश्लेषक एमिलिओ सेरवादिओ देश सोडून भारतात आला आणि युद्ध संपेपर्यंत इथेच राहिला. युद्धाच्या सावलीतली मुंबई, ब्लॅकआउटच्या रात्री, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक असलेला एक मनोविश्लेषक. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारनं जी मुंबई पिंजून काढली तीच ही, म्हणजे शहर आपल्या लेखकांना तोंडपाठ आहे.

या कादंबऱ्या वाचल्यावर फ्रॉइडचं मूळ लेखन वाचू का?

वाचा, आणि केस-हिस्टरीपासून सुरू करा. आपल्या रुग्णांच्या हकिकती लघुकथांसारख्या वाचल्या जातात, हे फ्रॉइडनं स्वतः १८९५ मध्ये जरा संकोचून कबूल केलं होतं. आम्ही शेवटच्या दोन बैठकांत डोराची केस मोठ्यानं वाचली. ३१ डिसेंबर १९०० ला ती आली आणि आज शेवटचा दिवस असं तिनं सांगितलं. कधी ठरवलंस, असं त्यानं विचारलं. पंधरा दिवस झाले, ती म्हणाली. त्यावर फ्रॉइडला मोलकरीण नोकरी सोडताना देते त्या नोटिशीची आठवण झाली, आणि त्यानं लगेच तिचा अर्थ लावायला घेतला. ती नेहमीसारखी वाद न घालता ऐकत राहिली. मग तिनं नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, निरोप घेतला, आणि उपचारासाठी पुन्हा आली नाही.